साधारण इतिहास

सुनंदाने आईचा पदर ओढून तिच्या दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि एक पाऊल मागे सरून पाहिलं. काही उपयोग नव्हता. साडी पांढरी होती ती पांढरीच राहिली.

"दूसरी पहन लेती तो क्या बिगड़ता?"

"आज आषाढी पौर्णिमा हाय. वंदनेहून सरळ इकडं आले," द्रौपदीबाई म्हणाल्या. "अन् सहीच करायची ना? साडी कोन पाहते?"

"सब देखते हैं. और आई, अंदर तू कुछ बोलना मत."

"काहून? मले काय हिंदी येत नाही?"

सुनंदाने इकडेतिकडे पाहिलं. शाळेच्या व्हरांड्यात बाकी आया बसल्या होत्या, चिकनकारीच्या फिकट साड्यांत, पर्स मांडीवर ठेवून. वडील आले असते तर बरं झालं असतं, असं तिला सकाळपासून वाटत होतं. दादाराव लखनौच्या चारबाग स्टेशनाजवळ रेल्वेच्या हिशेब कचेरीत होते आणि साहेबासमोर तोंड न उघडण्याची त्यांना सवय होती. पण रजा मिळाली नाही. आईला असली सवय नव्हती. रेल्वे कॉलनीच्या हॉलमध्ये दर रविवारी तीच बुद्धवंदना घ्यायची, आणि पोरींना शाळेतून काढणाऱ्या बायांना सगळ्यांसमोर उभं करून झापायची.

अकरावीला इतिहासाचे दोन वर्ग होते. साधारण वर्गात गाइड पाठ करायचं आणि पास व्हायचं. विशेष वर्ग सक्सेना मॅडम स्वतः घेत. तिथल्या मुली पुढे युनिव्हर्सिटीत जात. सुनंदाला तिथेच जायचं होतं. दुसरं काही तिने कधी मागितलंच नव्हतं.

आणि जागा मिळाली होती. कशी मिळाली, ते मात्र घरी सांगण्यासारखं नव्हतं. मागच्या आठवड्यात, दोन्ही वर्ग अजून एकत्र असताना, मॅडमनी त्रिशरणाची पहिली ओळ वाचून दाखवली, सम्राट अशोकाच्या धड्यात, उदाहरण म्हणून. ती ओळ कानावर पडली की सुनंदाच्या घरात लहानथोर सगळे हात जोडतात. तिचेही हात जुळले. नुसते जुळले नाहीत. 'धम्मं सरणं गच्छामि'पासून तिने पुढचं सगळं म्हटलं, चालीवर, डोळे मिटून. डोळे उघडले तेव्हा अख्खा वर्ग वळून बघत होता.

"अरे वाह! पाली! घर में किसने सिखाई?"

चाळीस पोरी. पुढच्या बाकावर मिश्रा, मागे बाजपेयी.

"नाना ने," सुनंदा म्हणाली. "पंडित थे."

पंडित! ज्या माणसाने गावची मेलेली ढोरं ओढली आणि छपन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्यावर ओढायला साफ नकार दिला, म्हणून गावाने ज्याची विहीर बंद केली, त्याला नातीने एका वाक्यात पंडित करून टाकला. मॅडमचा चेहरा खुलला. महाराष्ट्राचे पंडित म्हणजे काय विचारता!

आतून हाक आली.

सक्सेना मॅडम उठून उभ्या राहिल्या. आतापर्यंत कुणाच्या आईसाठी उठल्या नव्हत्या.

"आइए, आइए. आपके पिताजी के बारे में सुना. इतने बड़े पंडित थे!"

द्रौपदीबाईंनी लेकीकडे पाहिलं. सुनंदा टेबलाच्या काचेखालचा लखनौचा नकाशा पाहत होती. कान तापले होते.

"पिताजी का बोलती है?" द्रौपदीबाईंनी खुर्ची ओढली. "हाँ. उनका तो बहुत बताने का है."

"यही तो! हमारे विशेष वर्ग में हर लड़की के घर से कोई बड़ा आकर अपने खानदान का इतिहास सुनाता है. सबसे पहले आप आइए."

"सबके सामने?"

"बिल्कुल."

"आएगी मैं," द्रौपदीबाई म्हणाल्या. आवाज रविवारच्या हॉलमधला होता. "जैसा था वैसा सब बताएगी. कुछ नहीं छुपाएगी."

मॅडम हसल्या आणि विशेष वर्गाचा कागद त्यांनी पुढे सरकवला. द्रौपदीबाईंनी पेनचं टोपण काढलं.

"मॅडम," सुनंदा म्हणाली, "मुझे साधारण में रहना है."

"क्या?"

"साधारण में."

"पागल हुई हो? कल तक तो पीछे पड़ी थीं. हुआ क्या?"

मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या, मग आईकडे, मग पुन्हा तिच्याकडे. आणखी एक प्रश्न, आणि सगळं बाहेर आलं असतं.

द्रौपदीबाईंनी लेकीच्या हाताकडे पाहिलं. ओढणीचं टोक तिने मुठीत इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

"मैंने बोला उसको," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"आपने?"

"घर में काम रहता है. छोटे भाई हैं. लड़की की जात, जादा पढ़ा के क्या करना?"

वाक्य नीट आलं. असं बोलणाऱ्या किती बायांना त्यांनी आजवर उभं केलं होतं. शब्द शोधावे लागले नाहीत.

मॅडम खुर्चीत बसल्या. विशेष वर्गाचा कागद त्यांनी परत ओढून घेतला.

"पंडित की बेटी होकर! आप ही जैसी माँएँ लड़कियों को डुबोती हैं. शर्म नहीं आती?"

"आती है," द्रौपदीबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या कागदावर सही केली. पूर्ण नाव, सावकाश, साक्षरतेच्या वर्गात गिरवलेल्या अक्षरांत. मग उठल्या आणि मागे न बघता व्हरांड्यात गेल्या.

सुनंदा निघाली तशी मॅडमनी तिला थांबवलं. टेबलाला वळसा घालून त्या जवळ आल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"तुम्हारी कोई गलती नहीं, बेटा. माँ ही ऐसी मिली."

दार उघडंच होतं. बाहेर पांढरी साडी पाठमोरी उभी होती, ऐकू येईल इतक्या अंतरावर.

सुनंदाने मान हलवली. हो म्हणून.