नाना म्हणतात

अदुसेई प्रतिष्ठानात नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या आठवड्यात त्याची एकदा तरी फजिती व्हायचीच. तो बिचारा कागद घेऊन सरळ नाना अदुसेईंसमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "नाना, त्या बाळंतघराचं छप्पर गळतंय." नाना छताकडे बघत बसायचे. ऐकू सगळं यायचं, पण उत्तर नाही. मग कोणीतरी मागून त्याचा सदरा ओढायचं. "अरे शहाण्या, नानांना काय सांगतोस? सेर्वा आंटीला सांग." मग तो तेच गाऱ्हाणं शेजारी उभ्या असलेल्या सेर्वाला सांगायचा, सेर्वा ते नानांना सांगायची, नाना तिच्या कानाशी दोन शब्द पुटपुटायचे, आणि सेर्वा खणखणीत आवाजात सुरू करायची, "नाना म्हणतात..."

ही दरबारातली रीत. नाना गावचे प्रमुख होते, पूर्वजांच्या आसनावर बसलेले, आणि आसनावरचा माणूस लोकांशी थेट बोलत नाही. त्याच्या वतीने त्याचा ओक्यामे बोलतो. ओक्यामे म्हणजे काही पोपट नव्हे. नाना नुसतं "जमणार नाही" म्हणणार, आणि ओक्यामेने ते अशा काही शब्दांत सांगायचं की नकार मिळालेला माणूस आभार मानत घरी जावा. दरबारात नानांचा ओक्यामे वेगळा होता, सोनेरी मुठीच्या काठीवाला एक म्हातारा. पण नानांनी प्रतिष्ठान काढलं तेव्हा ही सवयही कचेरीत आणली, आणि मास्तरकी सोडून आलेल्या सेर्वाच्या गळ्यात हे काम पडलं. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. नाना चेष्टेने म्हणायचे, "सेर्वा माझं तोंड आहे. जेवणातला फुफूचा गोळा तेवढा मी स्वतः खातो."

जिथे गाडी जात नाही अशा गावांजवळ दोन खोल्यांचं बाळंतघर बांधायचं आणि तिथे शिकलेली सुईण नेमायची, एवढंच प्रतिष्ठानाचं काम. एवढंच म्हणायचं खरं, पण अशी एक्केचाळीस बाळंतघरं झाली होती, उत्तरेकडे आणि सरहद्दीपलीकडे टोगोतही. परदेशातून पाहुणे यायचे आणि नानांचं भाषण वहीत उतरवून न्यायचे. शब्द सेर्वाचे असायचे, विचार मात्र नानांचा. त्या विचारावर सेर्वाने जीव ओवाळून टाकला होता. लग्न राहून गेलं, त्याचंही तिला फारसं वाटलं नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत, कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत, टोगोच्या कामावर बैठक चालली होती. नाना तिच्या कानाशी झुकले आणि म्हणाले, "आई कोको वाळत घालून आली का?"

नानांची आई जाऊन चाळीस वर्षं झाली होती. वीस माणसं सेर्वाच्या तोंडाकडे बघत होती. तिने गळा साफ केला. "नाना म्हणतात, टोगोतल्या सुईणी टोगोतल्याच असाव्यात. आपल्या मुली तिकडे पाठवून त्यांच्या मुलींना रिकामं बसवू नका." शुद्धीत असते तर नाना हेच म्हणाले असते. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाला शंकासुद्धा आली नाही.

लोक गेल्यावर नाना आपल्या पंजांकडे बघत बसले होते. "सेर्वा, मी मघाशी काय बोललो?"

तिने खरं ते सांगितलं.

"आसनावरच्या माणसाचं डोकं गेलं असं कळलं की काय करतात, ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. आसनावरून उतरवतात. पायातल्या चपला काढून घेतात आणि साऱ्या गावादेखत अनवाणी घरी पाठवतात.

"माझी शोभा होऊ देऊ नकोस, माझे आई," नाना म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस तिच्यासमोर मुसमुसून रडला. सेर्वाने शब्द दिला. ती तिथेच अडकली.

पुढे पुढे तिला त्याची सवय झाली, हे तिला स्वतःलाही नंतर भयंकर वाटलं. नाना काहीही पुटपुटायचे आणि ती बैठक चालवायची. बहुतेक वेळा बोलण्यात एक नदीच असायची. लहानपणी एकदा पुरात ते पलीकडच्या काठावर राहिले होते आणि तिन्हीसांजेपर्यंत कोणी न्यायला आलं नव्हतं. दिवसातून चारदा नदी. सेर्वा नुसती मान हलवायची, तापकरी पोराची बडबड ऐकावी तशी.

यंदाच्या मे महिन्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना, विश्वस्तांच्या अध्यक्ष मॅडम फोरिवा यांनी विचारलं, "सेर्वा, नानांना विचार, पावसाआधी काही सांगायचंय का?" या फोरिवाबाई मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि त्यांच्यासमोर विश्वस्तही शाळकरी पोरांसारखे ताठ बसत.

नानांनी सेर्वाचं मनगट धरलं. "नदी भरेल. बेपोसोच्या बायकांना आधी अलीकडे आणा."

झालं, आली नदी, असं सेर्वाच्या मनात आलं. ती मोठ्याने म्हणाली, "नाना म्हणतात, यंदा पावसाआधी सगळ्या बाळंतघरांना रंग देऊन घ्या."

नानांनी तिचं मनगट पुन्हा ओढलं. तिने त्यांची बोटं हळूच एकेक करून सोडवली आणि त्यांचा हात त्यांच्याच मांडीवर ठेवला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नदीने बेपोसोचा लाकडी पूल नेला. गाव पलीकडे आणि बाळंतघर अलीकडे, नुकतंच रंगवलेलं, पिवळंधमक. अब्राफी नावाची तेवीस वर्षांची मुलगी दोन दिवस पलीकडच्या काठावर कळा देत राहिली. अलीकडून सुईण ओरडून ओरडून सांगत होती, असं करा, तसं करा, पण पाण्याच्या आवाजात काय ऐकू जाणार? तिसऱ्या दिवशी सकाळी आई आणि बाळ दोघंही गेली.

आठव्या दिवशीच्या शोकाला सेर्वा बेपोसोला गेली. तोवर नदी उतरली होती. मांडवात लाल-काळी वस्त्रं नेसून घरचे ओळीने बसले होते. रीतीप्रमाणे तिने उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाचा हात हातात घेतला आणि समोर बसली. घरातल्या वडीलधाऱ्याने रीतीचा प्रश्न केला, "आम्ही जसे आहोत तसे आहोत, बघताच आहात. तुम्ही कोणत्या कामाने आलात?"

सेर्वा उठून उभी राहिली. "नाना म्हणतात, तुमच्या घरात जे रडणं उठलं ते माझ्याच घरात उठलं..."

"नाना म्हणतात?" अब्राफीची आई, पोकुआ, मध्येच बोलली. कोणी तिला गप्प करू पाहत होतं, तिने त्याचा हात झटकला. "मार्चमध्ये नाना इथे माझ्या अंगणात बसले होते. शेताकडून येताना दमले म्हणून टेकले. तू नव्हतीस, काठीवाला म्हातारा नव्हता. माझ्याशी स्वतःच्या तोंडाने बोलले. पोरीला विचारलं, कितवा महिना गं? पाचवा म्हणाली. तर म्हणाले, नदी भरायच्या आत तुला पलीकडे नेऊन ठेवतो. कचेरीत सांगतो, गाडी येईल. पोरीने बोचकं बांधलं होतं, आंटी. दोन लुगडी, बाळाचं टोपरं, साबण. रोज विचारायची, आई, गाडी कधी येणार गं? मी म्हणायची, नानांचा शब्द आहे, येईल." ती थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "विसरले का गं नाना?"

सेर्वाच्या डोळ्यांपुढे ती एकेक करून सोडवलेली बोटं आली. डोक्यात सगळं वितळून जात असताना एका पोरीला दिलेला शब्द त्या म्हाताऱ्याने दोन महिने घट्ट धरून ठेवला होता, आणि बैठकीत आणून तिच्या हातात दिला होता.

"नाना विसरले नाहीत," ती कशीबशी म्हणाली.

"मग?"

बावीस वर्षं कधी शब्दाला अडली नव्हती ती. त्या मांडवात ती तशीच खाली बसली.

ऑगस्टअखेर विश्वस्तांची मोठी बैठक होती. पुढची तीन वर्षं प्रतिष्ठान कोणी चालवायचं ते त्या दिवशी ठरणार होतं. ठरणार म्हणजे काय, नानांच्या नावाला हात वर व्हायचे तेवढे बाकी होते. सेर्वाने मनाशी हिशेब पक्का केला होता. नानांची आज्ञा नानांच्याच नावाने द्यायची. सप्टेंबरात पाऊस पुन्हा सुरू होतो, त्याआधी बायका अलीकडे येतील, आणि नानांना दिलेला शब्दही मोडणार नाही. यात वाईट कोणाचं होणार होतं?

नाना छान दिसत होते. खांद्यावरून घेतलेलं केंटेचं रंगीत विणीचं मानाचं वस्त्र, पायात काळ्या रुंद चपला. ते तिच्या कानाशी झुकून म्हणाले, "ढोल कुठे वाजतोय गं?" ढोल कुठेच वाजत नव्हता.

"नाना म्हणतात," सेर्वाने सांगितलं, "यापुढे दर पावसाळ्यात नदीपलीकडच्या प्रत्येक गरोदर बाईला महिनाभर आधी अलीकडे आणून ठेवायचं. बरोबर तिची आई किंवा सासू. राहण्याखाण्याचं आपण बघायचं. बेपोसोची मुलगी ही शेवटची."

कुमासी शहराहून येणारे विश्वस्त डॉक्टर बोन्सू यांनी चष्मा काढून पुसला. मॅडम फोरिवांचा आवाज जड झाला होता. "बघा! आपण इतकी शिकलेली माणसं इथे बसलो होतो, एकाच्या तरी डोक्यात आलं का हे? नानांच्या आलं. अहो, असं डोकं असताना दुसरा कोण शोधायचा? सेर्वा, नानांना सांग, तीन वर्षं काय, तीस वर्षं चालवा म्हणावं."

सगळे हसले. हात वर होऊ लागले. नानाही हसले, इतर हसतात म्हणून.

"हात खाली घ्या," सेर्वा म्हणाली.

फोरिवांनी भुवया उंचावल्या. "हे नाना म्हणतात?"

"नाही, मॅडम. हे मी म्हणते. गेलं दीड वर्ष सगळं मीच म्हणते आहे." आणि मग तिने सगळं सांगितलं. कोको, आई, दिलेला शब्द. मे महिन्यातलं मनगट. "मी रंग लावायला सांगितला. नानांनी बायका आणायला सांगितल्या होत्या. आजचा हा शहाणपणा नानांचाच आहे, पण मेमध्ये सांगितलेला. मी तो गाळला, आणि पोरगी गेली. उद्या नाना पुन्हा एखादं वाक्य शुद्धीत बोलतील, आणि मी पुन्हा बडबड समजून गाळीन. मला आता फरक कळत नाही हो. मला हे काम झेपत नाही."

"दीड वर्ष!" डॉक्टर बोन्सू उठून उभे राहिले. "दीड वर्ष आम्हाला बाहुल्यांसारखं बसवलंस इथे? आणि मी डॉक्टर, दर महिन्याला समोर बसतो, मला बोलली असतीस तर..." ते खाली बसले. आपल्यालाही दिसलं नाही, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं.

सेर्वा रडत होती. ओक्यामेने रडायचं नसतं, पण ती आता ओक्यामे राहिली नव्हती. आपण नानांच्या पायातल्या चपला आपल्या हाताने काढल्या, एवढंच तिला दिसत होतं. ती त्यांच्याकडे बघू शकत नव्हती.

मॅडम फोरिवांनी मेजावर हात ठेवले. त्यांनाही दुसरी रीत माहीत नव्हती, म्हणून म्हणाल्या, "सेर्वा, नानांना विचार. त्यांना काही म्हणायचंय का?"

सेर्वा डोळे पुसून नानांकडे वळली आणि वाकली. नाना तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते, भल्या माणसाने परक्या बाईकडे बघावं तसं, काळजीने. ते तिच्या कानाशी झुकले आणि हलक्या आवाजात बोलले.

ती सरळ उभी राहिली. सगळे वाट बघत होते. एखादं सुंदर, मोठं वाक्य करणं तिला अवघड नव्हतं. नानांनी सगळ्यांचे आभार मानलेत, निरोप घेतलाय, तिला क्षमा केलीय, त्यांतलं काहीही तिला सांगता आलं असतं.

"नाना म्हणतात," ती म्हणाली, "ही बाई कोण आहे? हिचं कोणी गेलंय का? मघापासून रडतेय, आणि तुम्ही कोणीच हिच्याशी बोलत नाही."