पाठमोरी केमिस्ट्री

तमिळ सिनेमाची लाडकी जोडी तिरुमारन आणि यामिनी यांचं लग्न ठरलं.

हे वाक्य वाचलं असेल तर विसरा. असं काही झालेलं नाही. निदान ओमानमधल्या रुवीत, तुस्कानोंच्या फ्लॅटमध्ये तरी नाही. तिथे पाहुणे म्हणून गेलात तर तुम्हीही काही ऐकलेलं नाही.

तर, तिरुमारन आणि यामिनी यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. पाच सिनेमे एकत्र केले, पाचही चालले, अख्खं चेन्नई यांच्या प्रेमावर जगतं, आणि हे दोघं पोस्टरवर कोणाचं नाव आधी यावरून बोलायचे बंद झालेले. निर्मात्याने नावं गोलात छापून पाहिली. मग गोल कुठून सुरू होतो यावरून भांडले. तेव्हापासून करारात कलमच आहे, दोघं एका दिवशी सेटवर येणार नाहीत.

नव्या सिनेमातलं एक गाणं ओमानमध्ये, बिदियाच्या वाळूत होतं. आधी यामिनी येणार, ती विमानात बसली की तिरुमारन. दोघं हातात हात घालून क्षितिजाकडे चालतात तेवढा भाग पाठमोरा, दुसऱ्या कोणावर तरी उरकायचा. ही माणसं पुरवायचं काम मुस्तफाकडे आलं. मुस्तफा रत्नागिरीचा, रुवीजवळच्या गाला भागात तंबू आणि जनरेटर भाड्याने देतो. पाठी भाड्याने द्यायची ही पहिलीच वेळ. त्याने उंचीचा अंदाज घेतला आणि ओळखीतल्या रॉबिन आणि ब्रेंडाला विचारलं.

रॉबिन तुस्कानो वसईचा, रुवीतल्या एका हॉटेलात रिसेप्शनला. ब्रेंडा त्याची बायको. ‘पुढच्या वर्षी परत जाऊ’ असं रॉबिन लग्न झाल्यापासून म्हणत आलेला, आणि यंदा त्याने तिला न विचारता हॉटेलच्या नव्या करारावर सही करून टाकली. ब्रेंडाने आरडाओरडा केला नाही. मार्चमध्ये शाळा संपली की मुलीला घेऊन वसईला, कायमचं, एवढं ठरवलं आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे बोलायची, पण फ्रिजशी.

“कोणाला जेवायचं असेल तर वाढलंय,” ती फ्रिजला सांगायची.

“कोणाला तरी सांगा, भूक नाही,” रॉबिन भिंतीला सांगायचा.

मटिल्डा, त्यांची मुलगी, इंग्रजी शाळेतली. तिने एकदा विचारलंच, “मम्मा, हा कोणाला कोण आहे? तो आपल्याकडे राहते?”

मुस्तफाला दोघांनी हो म्हटलं, कारण नाही म्हणायचं तर आधी एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

वाळूत रॉबिनला तिरुमारनचा शर्ट चढवला, ब्रेंडाला यामिनीचा केसांचा टोप. दिग्दर्शक मागून भोंग्यात म्हणाला, “वॉक. स्लो. लव्ह.”

मुस्तफाने भाषांतर केलं, “यल्ला, चला, जरा प्रेमाने.”

दोघं चालू लागले. समोर नुसती वाळू. तोंडं कोणालाच दिसत नव्हती, एकमेकांनाही नाही.

“कोणाचा तरी गुडघा दुखत होता ना,” रॉबिन वाळूला म्हणाला.

“कोणाला तरी आज आठवलं,” ब्रेंडा म्हणाली.

थोडं चालले.

“सही करायच्या आधी सांगायला हवं होतं,” रॉबिन म्हणाला.

“कोणी?”

“मी.”

“कोणाला?”

“तुला.”

ब्रेंडाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मागे दिग्दर्शक खुर्चीतून उठून उभा राहिला म्हणे.

पुढच्या टेकपासून ब्रेंडाचा पाय चुकायला लागला. तो डावा टाकतोय तर ही उजवा.

“तू मुद्दाम चुकवतेयस.”

“मग? कट झालं की परत तुझं तोंड बघायचं. पाठ बरी आहे तुझी. सारखी ‘पुढच्या वर्षी’ करत नाही.”

उन्हं कलेपर्यंत वसईच्या घराचं गळकं छप्पर, रॉबिनची आई, तिच्या हातचं झणझणीत इंदियाल, सगळं बोलून झालं. युनिटने तंबू गुंडाळला आणि घरी आल्यावर फ्रिज पुन्हा कामाला लागला.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. सीबच्या किनाऱ्यावर जाऊन चालून पाहिलं. मागे कॅमेरा नसला की माणूस वळून बघतो, आणि बघितलं की भांडण. मुस्तफाला मोबाईल घेऊन मागे चालायला लावलं, तर तो मधेच “भाभी, जरा राइटला” म्हणायचा. शेवटी आशा फेब्रुवारीवर आली. पुढच्या सिनेमाच्या गाण्यालाही याच पाठी, असं दिग्दर्शकाने कबूल केलं होतं.

“कोणीतरी फेब्रुवारीचं शूटिंग होईपर्यंत तिकीट काढत नाहीये,” ब्रेंडाने फ्रिजला कळवलं.

मग गाणं आलं. एका समीक्षकाने तिरुमारनच्या खांद्यांतल्या वेदनेवर लांबलचक व्हिडिओ केला. रिसेप्शनला दिवसभर उभं राहून आलेली वेदना ती, पण अस्सल. चाहत्यांनी चौकात पाठमोरा कटआउट उभारून दुधाचा अभिषेक केला. रॉबिनच्या मानेवरचा तीळ त्यात परातीएवढा झाला होता.

तिरुमारननेही गाणं पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. मग त्याने यामिनीला फोन लावला.

“तू पाठीवर हात ठेवलास ना, तेव्हाच मला कळलं होतं.”

“मलाही,” यामिनी म्हणाली आणि रडली.

हात ठेवला तेव्हा ती चेन्नईला पोहोचली होती आणि तो अजून निघायचा होता. पण एवढं सुंदर गाणं पाहिल्यावर तपशिलात कोण शिरतं?

बातमी घेऊन मुस्तफा आला. “खलास, रॉबिन. दोघं बोलायला लागले. लग्न करतायत. फेब्रुवारीत स्वतःच चालणार म्हणतात.”

ब्रेंडाने फ्रिज उघडला, काही न घेता बंद केला.

रॉबिन कॉम्प्युटरसमोर बसला. ती मागे येऊन उभी राहिली.

“कोणीतरी ‘विनंती’तला वि दीर्घ काढलाय.”

“कर दुरुस्त.”

“‘कायमचे’ लिही. ‘तात्पुरते’ लिहिलंस तर ते पुन्हा जुळवून घेतील.”

चेन्नईत मराठी कोण वाचणार, हा प्रश्न दोघांपैकी कोणीही काढला नाही.

प्रति, माननीय निर्माते, चेन्नई.
विषय : उभय कलाकारांतील अबोला पूर्ववत करणेबाबत.
महोदय, कळविण्यात येते की, सदर कलाकारांचे प्रेम हे अर्जदारांच्या पाठींमुळे उद्भवले असून त्यावर उभयतांचा कोणताही हक्क पोहोचत नाही. तरी नियोजित विवाह कायमचे रद्द करून, उभयतांना भांडणासाठी सबळ कारण निर्मितीखर्चातून पुरविण्यात यावे, व फेब्रुवारीतील चालणे अर्जदार पती-पत्नी यांजकडेच ठेवण्यात यावे, ही विनंती.