खांबावरचा डबा

दसऱ्यानंतर कंपनी सुरू झाली आणि चाकणच्या आमच्या शेडमधल्या मागच्या भट्ट्यांचं तापमान ऑफिसच्या पडद्यावर दिसेना. भट्ट्या तर चालू होत्या. मी मेंटेनन्सला आहे. सेन्सरचं काम बघणाऱ्या रुपाली मॅडमसोबत बघायला गेलो.

प्रत्येक भट्टीवर एक सेन्सर आहे. त्याला वायर नाही. तो आपला आकडा हवेतूनच जवळच्या डब्याला देतो, तो डबा पुढच्याला, असं करत आकडा ऑफिसात पोचतो. मागच्या सगळ्या भट्ट्यांचे आकडे खांबावरच्या एका डब्यातून जातात. तो डबा पोळ्या गुंडाळायच्या फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळलेला होता. वर झेंडूची माळ, हळदकुंकू.

"ज्योतीराम, हे तुझं काम?" मी भट्टीवरच्या ऑपरेटरला विचारलं.

"मग? सगळ्या मशिनींची पूजा झाली, हा बिचारा राहिला होता भाऊ. मखर केलं त्याला."

"मखर कसलं, तोंड बांधलंत त्याचं," मॅडम हसल्या. "फॉइलमधून सिग्नल जात नाही. मागचे सेन्सर बोलतायत, पण पुढं नेणारं कोणी नाही."

"त्यांना दुसरा रस्ता नाही का?" मी विचारलं.

"आहे की. जरा जास्त बॅटरी खाऊन ते थेट ऑफिसला गाठू शकतात. पण ते सेटिंग कोणी केलंच नाही. हा मधला डबा होता ना."

फॉइल काढली. आकडे आले.

माझी बायको शालन आषाढात गेली. थेरगावला मी एकटाच असतो. मुलगी सायली पिंपळे गुरवला दिली आहे. तिला सातवा महिना आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण तिला बोलावणं, तिच्या सासूशी बोलणं, हे सगळं शालनकडं होतं. सायलीचा फोन आला की मी "आईला देतो" म्हणायचो. एवढंच आमचं बोलणं. दसऱ्याला तिचा फोन आला तेव्हाही तोंडातून तेच गेलं. तिनं फोन ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत शेडबाहेर येऊन तिला फोन लावला.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. बाळंतपणाला इकडं ये."

"करणार कोण, बाबा?"

"शेजारच्या यशोदाबाईंना सांगतो, त्या बाळाला न्हाऊ घालतील. स्वयंपाक मी करीन. सुट्टी टाकतो."

"अळिवाची खीर येते तुम्हाला?"

"नाही. तू सांग, मी करतो."

"सासूबाई रोज विचारतात, माहेरून काही निरोप आला का. मी काय सांगणार?"

"त्यांना फोन दे."

"थांबा हं," सायली म्हणाली. "देते."