सगळ्या गाड्यांना चालणारा

"बसली बघ पिन," नवनाथ म्हणाला. चार्जरवरचा लाल दिवा लागला.

सत्यशीलानं जमिनीवर बसल्या बसल्याच तो हातात घेतला. "लई हलका हाय रे. पहिला वजनदार होता."

"हलका असू दे की. बाजारातला माणूस म्हणला, सगळ्या गाड्यांना चालतो. कंपनीचा मागवला तर कधी यील सांगता येत न्हाई. तवर दुकानाला कशी जाणार तू, अक्का?"

पोलिओनं सत्यशीलाचे दोन्ही पाय लहानपणीच नेले होते. वस्तीवरून वडवणीला जायचं तर कुणाच्या तरी पाठीवर, कुणाच्या तरी सवडीनं. मग बॅटरीवर चालणारी तीनचाकी गाडी मिळाली आणि बस स्टँडजवळच्या टपरीत तिनं शिलाई मशीन मांडलं. सकाळी डबा पुढं ठेवून ती एकटी निघायची. कुणी "सोडू का?" विचारलं की तिला हसू यायचं. जुनी बॅटरी काढून लिथियमची बसवल्यापासून तर गाडी चढालाही दमेना. त्या बॅटरीसोबत आलेला चार्जर जळाला आणि सत्यशीला पुन्हा घरात बसली. दाराबाहेरचा रस्ता बघत बसण्याचा तिला जुना कंटाळा होता.

नव्या चार्जरवर गाडी पुन्हा पळू लागली. एवढंच की तो हात ठेववू नये इतका तापायचा आणि हिरवा दिवा काही केल्या लागायचा नाही.

"सत्ते, वास यायलाय बघ त्याला," आई मुक्ताबाई म्हणायची. "काढ ते."

"काढते माय. थोडं भरू दे. उद्या लग्नातले ब्लाऊज द्यायचेत."

एका रविवारी दुपारी गाडी नेहमीसारखी आत, दाराला लागून चार्जिंगला लावलेली होती. घरातला प्लग तिथंच होता आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. नवनाथ पलीकडच्या शेतात कामाला गेलेला. मुक्ताबाईनं आत अंग टाकलं होतं. सत्यशीला लिंबाखाली ब्लाऊजला हूक लावत बसली होती.

आधी तडतड ऐकू आली. मग फुसफुस, आणि सीटखालून पांढरा धूर. ती हातांवर सरकत उंबऱ्यापर्यंत पोचली तोवर जाळानं सबंध दार अडवलं होतं. त्या घराला दुसरं दार नव्हतं.

"माय! माय, ऊठ!"

आतून खोकला आला. मग आवाज आला, "सत्ते, तू बाहीर हायस न्हवं?"

"मी बाहीर हाय, माय! मागच्या अंगाला जा!"

उत्तर आलं नाही. लोक धावत आले, घागरीवर घागरी ओतल्या. विझला म्हणावं तोच जाळ पुन्हा भडकायचा. नवनाथ शेतातून धावत आला आणि पहार घालून त्यानं मागचा पत्रा उचकटला. आईला बाहेर आणलं तेव्हा तिचं लुगडंसुद्धा जळालं नव्हतं. पण धूर छातीत भरला होता. दुसऱ्या दिवशी बीडच्या दवाखान्यात ती वारली.

माणसं येऊन गेली. मेणबत्त्या लागल्या, बुद्धवंदना झाली. नवनाथ ताटावर बसायचा आणि तसाच उठायचा. एकदा भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "म्या आणला, अक्का."

"वास मलाबी येत होता, नवा. म्या लावून ठिवला."

या विषयावर दोघं एवढंच बोलले.

बाजारच्या दिवशी ती म्हणाली, "मला वडवणीला ने." दोराबिरा हवा असेल असं त्याला वाटलं. त्यानं तिला मोटारसायकलवर बसवून नेलं आणि उचलून घेऊन तो बाजारात शिरला. तिनं बोट दाखवलं. नवनाथनं चार्जर घेतला होता त्याच माणसाच्या ताडपत्रीवर टॉर्च, फवारणी पंपाच्या बॅटऱ्या आणि चार्जरचा ढीग मांडलेला होता. तिनं तिथंच खाली ठेवायला सांगितलं.

विकणारा चटकन उठला. नवनाथची मूठ वळलेली त्यानं पाहिली होती.

"हात लावू नको," सत्यशीला भावाला म्हणाली. मग ढिगातला एक चार्जर उचलून तिनं विचारलं, "बॅटरी भरली की आपोआप बंद पडायची सोय हाय का ह्यात?"

"ते कावून इचारता, ताई?"

तिनं सांगितलं. आवाज न चढवता, आईच्या शेवटच्या शब्दांसकट.

त्या माणसाचा चेहरा उतरला. "मला काय ठावं, ताई? आमी गठ्ठा आणतो, पिन बघून देतो. माझ्या घरी बी ह्योच हाय..." बोलता बोलता तो थांबला. त्यानं खिशातून मोबाईल काढून घरी फोन लावला. "चार्जर काढ. आधी काढ, मग बोल." पण ढीग मात्र त्यानं उचलला नाही.

सत्यशीला तिथंच बसून राहिली. चार्जरला हात घालणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती. कुणी ठेवून दिला, कुणी हसून घेतला. एका बाईनं मात्र समोर उकिडवं बसून सगळं ऐकलं, तोंडाला पदर लावला.

"पण उद्या फवारणी हाय, माय," ती म्हणाली, आणि चार्जर पिशवीत टाकला.

"मग बाहीर लावा. दारापाशी नको. अन् लावून झोपू नका."

"बरं," बाई म्हणाली. ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत सत्यशीलानं तिच्याकडं पाहिलं.

"चल अक्का," नवनाथ वाकला.

"अजून बाजार हाय," ती म्हणाली, आणि माणसांना नीट दिसावी म्हणून हातांवर जोर देऊन थोडी पुढं सरकली.