सेल्सोचं यीस्ट

गीडो रेटमानचा जबडा ज्या दुपारी मोडला, त्या दुपारी ओफेलिया कुरिनाओ बिअर चाखायला बसणारच नव्हती. हॉपच्या फुलांच्या तोडणीला मजूर कमी पडत होते, म्हणून ती चार वर्षांनी खोऱ्यात परतली होती, एवढंच. ही चार वर्षं तिनं दूर समुद्रकाठी, कोमोदोरोला, मासे साफ करायच्या कारखान्यात काढली. हाताचा वास जाता जात नसे, पण तिला तो बरा वाटायचा. त्याच्यापुढे दुसरा कुठलाच वास टिकत नव्हता.

जत्रेच्या मांडवात आनिबालकाकांनी तिला गाठलं. सत्तरीचे काका म्हणजे खोऱ्यातला सगळ्यांत जुना हॉपचा मळेवाला. बिअरला कडवटपणा देणारी ही फुलं एकूण एक भट्टीवाला त्यांच्याकडूनच न्यायचा.

"आमचा एक परीक्षक सकाळीच घोड्यावरून पडला. खुबा मोडला त्याचा. त्याच्या जागी तू बस."

"काका, माझी जीभ मेलीय आता."

"मेलेली जीभ उलट उत्तरं देत नाही. बस गुमान."

ती बसली. टेबलाशी तिसरा होता तुलियो, बारिलोचेहून आलेला ढेरपोट्या बिअरवाला. चौदा छोट्या भट्ट्यांच्या चौदा बिअर, ग्लासांवर नुसते आकडे. कोणाची कुठली ते एका बंद पाकिटात.

पहिली गव्हाची, वरून संत्र्याची साल. "ही माझ्या सासूसारखी," तुलियो म्हणाला, "आधी गोड बोलते, मग घशात अडकते." तिसरीत हॉप इतके होते की काकांनी तोंड वाकडं केलं. "फुलं माझ्याच मळ्यातली दिसतायत. पण विकत घेतली म्हणून सगळी एकाच पातेल्यात कोंबायची?" सहावी काळी होती. जळक्या पावाच्या कडेसारखी तिची चव जिभेवर रेंगाळली. ओफेलियानं पुन्हा एक घोट घेतला. "सातू धुरावर भाजलेत. पण लाकूड चेरीचं आहे, इथल्या लेंगा झाडाचं नाही. म्हणून घसा कोरडा पडत नाही."

तुलियोनं काकांकडे पाहिलं. "मेली म्हणे जीभ!"

मग तिनं नववा ग्लास नाकाशी नेला आणि तिचा हात जागीच थांबला.

आधी लवंग. मागोमाग ओल्या अक्रोडाच्या सालीचा कडवट, हिरवा वास. अगदी शेवटी, घोट गिळून झाल्यावर, पावसात भिजलेल्या सालपटासारखं काहीतरी. तिनं ग्लास खाली ठेवला, पाण्यानं चूळ भरली, पुन्हा चाखलं. तेच होतं.

ते यीस्ट तिच्या भावाचं होतं. कोइवे नावाच्या झाडाच्या खोडांवर वसंतात नारिंगी गाठी येतात. डोंगरावरच्या एका म्हाताऱ्या कोइवेच्या गाठीतून सेल्सोनं ते मिळवलं होतं आणि दोन वर्षं खपून पाळीव जनावरासारखं कामाला लावलं होतं. दुसऱ्यांनीही गाठी आणून पाहिल्या. कोणाची बिअर आंबली, कोणाच्या बिअरला जुन्या मोज्यांचा वास आला. सेल्सोच्या झाडासारखं झाड दुसरं नव्हतं. त्यानं ते यीस्ट कोणाला दिलंही नाही. तीन बरण्या, भट्टीतल्या फ्रिजमध्ये. पुढे डोंगराला वणवा लागला आणि ते झाड गेलं. त्याच उन्हाळ्यात एका रविवारी भट्टी जळाली. ओफेलिया सातू आणायला गावात गेली होती. परतली तेव्हा छप्पर बसलेलं होतं आणि सेल्सो आत होता. फ्रिजचा नुसता सांगाडा उरला होता, आत होतं नव्हतं ते काचसामान वितळून त्याच्या तळाला चिकटलं होतं. गॅसची नळी सुटली असेल, असं सगळे म्हणाले. तीही तेच मानत आली होती.

मग हे ग्लासात आलं कुठून? आग लागण्याआधी कोणीतरी भट्टीत शिरून बरणी उचलल्याशिवाय नाही.

उरलेल्या पाचही चाखून झाल्या. "ही नववीच पहिली!" तुलियो टेबलावर थाप मारून म्हणाला. "असलं काही मी जन्मात चाखलं नाही. तुझं काय मत?"

"हीच पहिली," ओफेलिया म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "पाकीट उघडा."

काकांनी ध्वनिक्षेपकावर नाव पुकारलं. गीडो रेटमान. टाळ्या पडल्या. गीडोचे दोन मेहुणे बाकावर चढून शिट्ट्या मारू लागले. त्याची बायको इल्से मात्र बसूनच राहिली. गीडो पुढे आला, उंच, लालबुंद, हसरा. सेल्सोचा शाळेपासूनचा दोस्त. मातीच्या दिवशी शवपेटीची पुढची बाजू यानंच खांद्यावर घेतली होती. परीक्षकांच्या टेबलाशी ओफेलियाला पाहताच त्याचं हसू क्षणभर अडखळलं. मग हात पसरून तो तिच्याकडे आला.

"ओफे! अगं, कधी आलीस? सांगायचं नाही का?"

त्यानं तिला मिठी मारली. तिनं मारू दिली.

"यीस्ट कुठलं रे, गीडो?"

"जंगलातलं. मीच शोधलं. दोन वर्षं लागली."

"कुठल्या झाडावरचं?"

"वरच्या तळ्यापाशी एक कोइवे आहे. धबधब्याच्या डाव्या अंगाला."

काका ध्वनिक्षेपक हातात धरून उभेच होते. त्यामुळे पुढचं सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "धबधब्यापाशी कोइवे? अरे, तिथे सगळी सायप्रसची झाडं आहेत. मी तिथेच लहानाचा मोठा झालो."

गीडो हसला. "काका, वय झालं तुमचं."

ओफेलियानं टेबलावरची भरलेली बाटली मानेला धरून उचलली आणि त्याच्या जबड्यावर हाणली. बाटली फुटली नाही. फुटलं ते हाड. त्याचा आवाज पहिल्या रांगेतल्या लोकांना ऐकू आला. गीडो टेबलावर कोसळला, चौदा ग्लास त्याच्याबरोबर खाली गेले. तिनं दुसरा घाव घालायला हात उगारला तेवढ्यात थोरल्या मेहुण्यानं तिला मागून केसांना धरून ओढलं. ती पाठीवर पडली. धाकट्यानं तिच्या बरगडीत लाथ घातली. तिला श्वासच घेता येईना. तो दुसऱ्यांदा लाथ उचलत होता, तेव्हा तुलियोनं आपलं सगळं धूड त्याच्यावर झोकून दिलं. दोघं बाकांवरून घरंगळत गेले. थोरल्यानं निखाऱ्यापाशी कोकरू टांगलेली लोखंडी सळी उपसली. मांसासकट ती फिरवताना कोणाच्यातरी कानाचा तुकडा उडाला, आणि मग जत्राच एकमेकांवर तुटून पडली. कोण कोणाला आणि का मारतंय, कोणाला कळत नव्हतं.

काकांनी तिला टेबलाखालून ओढून काढलं. "काय केलंस हे, पोरी?"

"ते सेल्सोचं यीस्ट आहे, काका. आगीत जळालेलं."

काकांनी मांडवात नजर फिरवली. गीडो तिथे नव्हता. बाहेर त्याची गाडी धुरळा उडवत नदीकडे वळत होती.

"बरण्या ओतून टाकायला निघालाय," ओफेलिया म्हणाली. "तुमच्या गाडीची किल्ली द्या."

"किल्ली देत नाही. मी चालवतो. तू श्वास घे आधी."

गीडोची भट्टी नदीकाठी, पत्र्याच्या लांब शेडमध्ये. काका गाडी नीट थांबवेपर्यंत तिनं उडी टाकली होती. आत मोठ्या पातेल्यात सातूचा काढा रटरटत होता. जत्रेला जातानाही त्यानं चूल चालू ठेवली होती. वाफेनं शेड भरलं होतं. गीडो मोरीपाशी उभा होता. एक बरणी रिकामी करून बाजूला ठेवलेली, दुसरी हातात. त्याचा खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता आणि शर्टावर रक्ताचा पट्टा उतरला होता.

"ठेव ती."

त्यानं बरणी मोरीत आपटली, शेजारचा डाव पातेल्यात बुडवला आणि उकळता काढा तिच्या अंगावर फेकला. तिनं उजवा हात तोंडापुढे घेतला. बाही कातडीला चिकटली. ती ओरडली ते तिलाच ऐकू आलं नाही. सातू ढवळायचं लांब लाकडी वल्हं भिंतीला टेकलेलं होतं. ते डाव्या हातानं घेऊन ती त्याच्यावर धावली आणि गुडघ्यावर आडवा फटका मारला. तो वाकला. दुसरा फटका मनगटावर बसला, डाव खणखणत लांब गेला. तिसरा मानेवर. तो ओल्या फरशीवर पडला, सरपटत टाकीच्या मागे जाऊ लागला. तिनं त्याच्या पाठीवर गुडघा रोवला.

"सांग."

तो मोडक्या तोंडानं काहीतरी बोलला. नीट कळेना. तिनं केस धरून त्याचं डोकं वर केलं. "शब्दन् शब्द सांग."

"तो... मॅचला जायचा रविवारी." शब्दाशब्दागणिक लाळ आणि रक्त गळत होतं. "मला फक्त थोडं यीस्ट हवं होतं. दहा वेळा मागितलं होतं. तो परत आला. चोर म्हणाला मला. मी ढकललं. टाकीच्या कडेवर डोकं आपटलं त्याचं."

"आणि मेला?"

गीडोनं डोळे घट्ट मिटले.

"मेला का तिथेच?"

"नाही. श्वास चालू होता."

"मग?"

"शुद्धीवर आला असता तर सगळ्यांना सांगितलं असतं, ओफे. मी नळी ओढली गॅसची. दुसरं काही सुचलंच नाही."

दारात काका उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्यामागे तुलियोही येऊन पोचला होता, एक डोळा सुजून बंद झालेला.

ओफेलियानं गीडोला बखोटीला धरून उठवलं. चार वर्षं माशांची खोकी उचलून तिच्या अंगात जे बळ आलं होतं, ते सगळं लावून तिनं त्याला पातेल्याशी नेलं आणि त्याचं तोंड उकळत्या काढ्यावर दाबलं. वीतभर अंतर राहिलं होतं. त्यानं दोन्ही हात पातेल्याच्या कडेला टेकले, तळवे चरचरले, तरी काढले नाहीत. वाफेनं त्याच्या गालांची कातडी सुटू लागली. तो जनावरासारखा केकाटत होता.

"ओफेलिया!" काका ओरडले. "सोड त्याला! अगं सोड!"

ती आणखी दाबत राहिली. पण भाजलेल्या हाताच्या बोटांतून बळ गेलं आणि पकड निसटली. गीडो बाजूला कोसळला. तिनं पुन्हा त्याला धरायला हात पुढे केला, तर बोटं मिटेनात. तेवढ्यात तुलियोनं तिला कमरेला विळखा घालून उचललं आणि दाराबाहेर नेऊन गवतावर बसवलं. ती त्याच्या खांद्याला कडकडून चावली. त्यानं विळखा सोडला नाही.

खटला वर्षभर चालला. काका आणि तुलियोची साक्ष झाली. गीडोच्या भट्टीतल्या फ्रिजच्या मागच्या कप्प्यात तिसरी बरणी सापडली होती. झाकणावर सेल्सोच्या अक्षरात झाडाचं नाव आणि तारीख होती. गीडोला अठरा वर्षांची कैद झाली. डावा डोळा वाफेनं आधीच गेला होता.

ओफेलियावरही खटला होता. तिच्या वकिलानं चार-चारदा पढवलं होतं, "तू स्वतःहून त्याला सोडलंस, एवढंच म्हण. न्यायाधीशांना तेच ऐकायचंय." न्यायाधीशबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी सोडलं नाही. हात सुटला." वकिलानं कपाळाला हात लावला. बाईंनी ते कागदावर उतरवून घेतलं. शेवटी तीन वर्षांची शिक्षा झाली, पण तुरुंगाबाहेर राहून. त्या मुदतीत कोणावर हात उचलला तर आत.

बाहेर पायऱ्यांवर इल्से वाट बघत होती. काकांनी ओफेलियाच्या दंडाला धरलं, पण तिनं हळूच सोडवून घेतलं.

"मला एक सांगायचंय," इल्से म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "तो श्वास घेत होता, हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ नव्हतं."

"आणि बाकीचं?"

इल्सेनं मान खाली घातली. "बरण्या घरी आणल्या त्या दिवशीच कळलं. शर्टाला धुराचा वास होता. मीच धुतला."

"मातीला आली होतीस तू. माझ्या शेजारी बसली होतीस."

"हो."

"माझ्यासाठी सूप करून आणलं होतंस."

"हो."

वरच्या पायरीवर पोलीस उभा होता. ओफेलियाचा उजवा हात कोपरात पूर्ण सरळ होत नव्हता. तिनं डावा उचलला आणि इल्सेच्या थोबाडीत अशी दिली की तिचा चष्मा उडून रस्त्यावर पडला.

पोलीस दोन पायऱ्या खाली आला. "बाई, काय झालं? तक्रार द्यायचीय?"

इल्सेच्या नाकातून रक्त येत होतं. तिनं ते पुसलं नाही. "काही नाही झालं," ती म्हणाली. "मी पडले."

पोलिसानं दोघींकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि तो वर निघून गेला. ओफेलिया गाडीत जाऊन बसली. काकांनी गाडी सुरू केली. इल्से पायरीवर तशीच उभी होती, हात बाजूला सोडून, तोंड पुढे करून. आणखी एक बसणार असल्यासारखी.