हेराल्डचा टप

संघपालनं पार्सलची सुतळी दातानं तोडली, गोणपाट फाडलं आणि आत बघून त्याचं डोकंच फिरलं. आत ऑटोरिक्षाच्या टपाचा सांगाडा होता. रिक्षाचा! तीस वर्षं गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला, नांदुऱ्यात स्वतःचं गॅरेज असणाऱ्या माणसाला, मुंबईच्या कुण्या भामट्यानं हेराल्डचा टप म्हणून रिक्षाच्या कांबी पाठवल्या होत्या. वर चिठ्ठी होती, ‘थोडं वाकवून बसेल.’

"तुलेच वाकवतो, थांब," संघपाल त्या पार्सलला म्हणाला.

गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ती हेराल्ड उभी होती. दोन दारांची, साठ वर्षांपूर्वीची, वरून उघडी मोटार. अशा गाडीला पत्र्याचं छत नसतं. लोखंडी सांगाड्यावर कापडी टप ताणलेला असतो. ऊन तापलं की पुढं ओढायचा, वारं सुटलं की मागे घडी घालायची. संघपालनं इंजिन बोलतं केलं होतं, ब्रेक नवे घातले होते, साईच्या रंगाचा हात दिला होता. गाडी रस्त्यावर धावत होती. नव्हता तो फक्त टप, आणि टपानं त्याला दोन वर्षं पार रडवलं होतं.

टप नसला म्हणून काय बिघडलं, असं बायको सुवर्णानं दहादा विचारलं होतं. पण बेत होता बुद्धपौर्णिमेचा. भर दुपारी, भर बाजारातून, त्याला या गाडीत एका ऐंशी वर्षांच्या माणसाला फिरवायचं होतं. वैशाखातल्या नांदुऱ्यात बिनटपाच्या गाडीत म्हातारं माणूस बसवायचं म्हणजे पापड वाळत घालायचा.

तो म्हातारा माणूस म्हणजे त्याचे वडील, कचरू. ही गाडी मुळात भगवंतराव वकिलांची. कचरूनं ती वीस वर्षं पुसली. वकील फाटकाशी येऊन एक लांब हॉर्न वाजवायचे आणि कचरू असेल तिथून बादली घेऊन धावत सुटायचा. वीस वर्षांत त्याला त्या गाडीत एकदाही कुणी ‘बस’ म्हटलं नाही. वकील गेले, बंगल्याला कुलूप लागलं, नातू सागर पुण्याहून आला आणि गाडी भंगारात द्यायला निघाला, तेव्हा संघपालनं ती वरच्यावर उचलली. बाबांना मात्र सांगितलं, एका गिऱ्हाईकाची आहे. एकदम बसवू, बघू चेहरा कसा होतो, असा त्याचा लाडका बेत.

तो बेत टपाशी येऊन अडला. जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या व्हॉट्सॲप गटात त्यानं फोटो टाकला, तर पंचेचाळीस जणांनी अंगठे दाखवले आणि एकानंही पत्ता दिला नाही. पुण्याच्या एका तज्ज्ञाला फोन केला. "मले त्याच्या सांगाड्याचं माप पाह्यजे होतं," एवढंच तो बोलला, तर तो तज्ज्ञ ‘मले, मले’ करून आधी हसला आणि मग म्हणाला की ही विद्या फोनवर देता येत नाही. चेन्नईच्या भंगारवाल्यानं जीपच्या टपाचे फोटो धाडले, वर सल्ला दिला की जीपच घ्या. विलायतेतल्या एका म्हाताऱ्याला भाचीकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. त्याचं उत्तर आलं, गाडी फार सुंदर आहे, पुढेही फोटो पाठवत जा. जुन्या माहितीपुस्तकाची प्रत मिळवली, तर नेमकं टपाचंच पान फाटलेलं. माप मिळालं असतं तर त्यानं स्वतः पाइप वाकवले असते, पण तेही कुणाकडं नव्हतं. दोन बुद्धपौर्णिमा अशाच गेल्या आणि तिसरी परवावर आली होती.

या सगळ्या काळात कचरू रोज दहाच्या सुमाराला गॅरेजवर यायचा आणि ओलं फडकं घेऊन हेराल्ड पुसायचा. गाडी त्यानं पहिल्याच दिवशी ओळखली होती. ओळखणारच. एकदा मागच्या सीटमागं बोट दाखवून तो काही बोलायला लागला होता. संघपाल तेव्हा फोनवर पुण्याशी झटत होता. "बाबा, तुमी फक्त पुसत जा," तो करवादला होता. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पुन्हा फडकं पिळलं.

आजही तो पुसतच होता. संघपालनं रिक्षाची एक कांब उचलून भिंतीवर फेकली. कांब डब्यांवर आदळली, डबे गडगडले, ग्रीस सांडलं.

"काय झालं बे?" कचरूनं विचारलं.

"काय होईन? साऱ्या दुनियेनं मले येड्यात काढलं! सांगाडा नाही, माप नाही, काहीच नाही. अन् परवा पौर्णिमा! बाबा, ही गाडी गिऱ्हाईकाची नाही. म्या घेतली. तुमाले बसवाले घेतली. त्या बजारातून, त्या बंगल्यावरून तुमाले न्याचं होतं, अन् ह्या एका टपापायी सारं बोंबलून राह्यलं!"

कचरूच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "मले बसवाले?"

"मंग कोणाले?"

म्हाताऱ्यानं गाडीच्या दारावरून हात फिरवला. मग साधेपणानं म्हणाला, "सांगाडा तं माणिकरावच्या वावरात हाय. हौदावर. तोंडल्याचा येल चढवला हाय त्याच्यावर."

माणिकराव म्हणजे संग्रामपूरच्या वाटेवरचा भाजीवाला शेतकरी, कचरूचा जुना दोस्त. दरवर्षी उन्हाळ्यात कचरू एसटीनं त्याच्याकडे जायचा आणि पिशवीभर तोंडली घेऊन यायचा. संघपालनं ती तीस वर्षं चवीनं खाल्ली होती.

"टप फाटला तवा वकीलसाहेब म्हनले, फेकून दे," कचरू सांगत होता. "कापड फेकलं. लोखंड फेकवलं नाही माह्याच्यानं. चांगलं होतं. देऊन टाकलं माणिकरावले."

संघपाल मटकन स्टुलावर बसला. "दोन वर्सं! दोन वर्सं मी दारोदार फिरून राह्यलो अन् तुमी समोर उभे! सांगतलं काऊन नाही?"

"मले वाटलं, गाडी अजून वकीलसाहेबाच्याच घरची हाय; फेकाले सांगतलेलं लोखंड म्या देऊन टाकलं, हे कसं सांगू? तरी एकदा बोलत होतो." कचरूनं फडक्याची घडी घातली. "तू म्हनला, फक्त पुसत जा. वकीलसाहेब भी हेच म्हनत. मंग म्या पुसली."

संघपालनं खिशातला फोन काढून बाकावर उपडा ठेवला. त्यानं चेन्नईला विचारलं होतं, विलायतेला विचारलं होतं. वीस वर्षं ज्यानं तो टप रोज उघडला आणि मिटला, त्याला मात्र त्यानं फडकं दिलं होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. रिक्षावाल्या भामट्यावरचा सगळा राग आता त्याच्याच अंगावर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं माणिकरावच्या वावरात गेले. सांगाडा होता. हिरव्यागार वेलानं पुरता गिळलेला, पण बिजागऱ्यांसकट शाबूत, आणि वेल तोंडल्यांनी लगडलेला. कचरूनं पानांत हात घालून न बघता एक खटका शोधला, अंगठ्यानं आधी वर दाबला, मग ओढला. तीस वर्षांचा गंज कुरकुरला आणि खटका उघडला.

"कापतो येल," माणिकराव विळा घेऊन आला. "कचरूभाऊची वस्तू, कचरूभाऊनं न्यावी."

"नोको," कचरू म्हणाला. "फळावर आलेला येल कापतेत काय? दिवाळीनंतर नेऊ."

"अन् उद्या, बाबा? उन्हाचं काय?" संघपाल वैतागला.

"माह्या डोक्यावर टप होता कवा? त्या गाडीपाशी वीस वर्सं उन्हातच उभा होतो मी. रुमाल बांधीन."

पौर्णिमेच्या दुपारी हेराल्ड बाजारातून निघाली. कचरू पांढरा सदरा घालून, डोक्याला ओला रुमाल बांधून संघपालच्या शेजारी बसला होता. बसायच्या आधी त्यानं सीट पुसायला फडकं शोधलं होतं. सुवर्णानं ते आधीच लपवून ठेवलं होतं. लोक हात करत होते, पोरं मागे धावत होती. म्हातारा ताठ बसून सरळ पुढं बघत होता.

वकिलांच्या बंगल्याशी संघपालनं गाडी हळू केली. फाटकाला गंजलेलं कुलूप होतं. त्याला खोडी सुचली. त्यानं एक लांब हॉर्न वाजवला.

कचरू चटकन उठला. अर्धवट उभा राहिला, एक हात दाराच्या मुठीवर गेला, दुसरा खाली बादली शोधू लागला.

संघपालनं हॉर्नवरचा हात काढून त्याच्या खांद्यावर ठेवला. "बाबा, बसा."

कचरूनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्या कुलपाकडे पाहिलं, आणि हळूच परत सीटवर टेकला.

"हाव," तो म्हणाला. "बसलो."