परतीचा नान

माझी गोष्ट बुखाऱ्यात कुणाला पटली नाही, तुम्हालाही पटायची नाही. मी एक जुना नान आहे, मित्रांनो. नानवाल्या तुर्दीकुलअकांनी, म्हणजे तुर्दीकुलदादांनी, मला भाजलं तेव्हा माझा रंग पाहून सूर्य ढगाआड गेला होता.

मला तंदुरातून काढतानाच अकांच्या छातीत कळ आली. हृदयाचं ऑपरेशन ठरलं.

आमच्याकडे लांब निघालेला माणूस नानाचा एक घास घेतो. उरलेला टांगून ठेवतात. परत येऊन त्यानंच तो संपवायचा. म्हणून त्यांची बायको सलोमत मला घेऊन इस्पितळात आली. अकांनी तोंड फिरवलं.

"सगळा तूच खा. मी काही परत येत नाही."

"म्हणजे उद्यापासून तंदूर मी पेटवायचा? बरे सुटताय."

अका हसले नाहीत.

मग मुकद्दसबाई आल्या, मनाच्या डॉक्टर. हातात ना सुई, ना गोळी. 'घाबरू नका' असंही त्या म्हणाल्या नाहीत.

"अका, जाग आली की छाती दुखेल. ते कापलेली हाडं जुळत असल्याचं दुखणं. तेव्हा काय कराल?"

"ओरडेन."

"खुशाल ओरडा. मग उशी छातीशी धरून खोका. मग खिडकीपर्यंत चाला. आणि घरी गेल्यावर?"

अकांनी तोंड बाईंकडे वळवलं. "तंदुरात वाकता येईल?"

"लगेच नाही. आधी नुसते कच्च्या नानावर नक्षीचे ठसे मारा."

बाई रोज येत, रोज पुढचं पाऊल विचारत. हळूहळू अकाच त्यांना सांगू लागले, पहिल्या दिवशी तीळ किती घालायचे ते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला जवळ ओढलं आणि चिमणीएवढा घास घेतला.

"बाकीचा माझा. कुणी हात लावून तर बघा."

त्यांच्या उशाजवळच्या खुंटीवरून मी सारं पाहिलं. हृदय शिवलं सर्जननं, त्यात वाद नाही. पण कळा आल्या तेव्हा अका उशी कवटाळून खोकले, "जुळताहेत हाडं," म्हणाले, आणि खिडकीकडे चालू लागले. शेजारच्या खाटेवरचा गडी कळ आली की डोळे मिटून पडून राही. अकांनी त्यालाही उठवला. मी तंदुराची आग पाहिली आहे, मित्रांनो; पण चार शब्दांत एवढी ऊब असते, हे पाहून मी खुंटीवर थिजलो.

डॉक्टरांच्या अंदाजाआधीच अका घरी आले. मी दगड झालो होतो. त्यांनी मला चहात बुडवलं आणि शेवटच्या तिळापर्यंत संपवलं.

म्हणून सांगतो, कुणी ऑपरेशनला निघालं तर 'काही होत नाही' म्हणून मोकळे होऊ नका. परत आल्यावर पहिलं काय करणार, ते विचारा. आणि त्याच्या वाटचं काहीतरी राखून ठेवा.

"थांबा जरा," मागून एक मुलगी म्हणाली. "शेवटच्या तिळापर्यंत खाल्लं ना? मग बोलतंय कोण?"